हार्डडिस्कच्या चकत्या आणि न हलणारा कॅमेरा

घरी जायरो स्टॅबिलायझर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या जोरावर कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र, बनवायचं म्हटलं की सगळ्यांचं लक्ष आधी चाकावर जातं, चाक किती जड, मोटर किती आरपीएमची (मिनिटाला किती फेरे) वगैरे, आणि त्यात चूक काहीच नाही, पण खरी मेख चाकात नाहीये. चाक ज्या फ्रेममध्ये बसतं त्या फ्रेमला डुलायला किती मोकळीक दिलीये यावर सगळा खेळ आहे. म्हणून आधी हेच सांगतो, मोटर-बिटर नंतर.

समजा एक चाक कॅमेऱ्याखाली बोल्टने घट्ट आवळलं आणि फुल स्पीडला सोडलं. हातात धरल्यावर भारी वाटतं, कॅमेरा एकदम ठाम. पण पॅन करायला, म्हणजे कॅमेरा डावी-उजवीकडे वळवायला जा. चाकाचा आस डावी-उजवीकडे आडवा असेल तर कॅमेरा वळवताना क्षितिजच तिरकं व्हायला लागतं, म्हणजे जोर एकीकडे लावायचा आणि परिणाम काटकोनात भलतीकडेच. हेच प्रिसेशन, कललेला भोवरा पडायच्या ऐवजी गोल झुलत राहतो ना, तेच. मग बरेच जण म्हणतात की दोन चाकं एकाच आसावर उलटसुलट फिरवू म्हणजे ही ओढ कटेल. कटते की, पण तिच्याबरोबर स्थिरपणाही कटतो! दोन्ही सारखीच आणि घट्ट बसवलेली असली तर दोघांचा मिळून कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठलेला जोर, शून्य, आणि मग हातात उरतं ते नुसतं वजन.

उपाय असा की प्रत्येक चाक आपापल्या छोट्या फ्रेममध्ये, आणि ती फ्रेम दोन बाजूंच्या बेअरिंगवर एकाच दिशेत डुलणारी. मी दोन्ही फ्रेमचे डुलायचे आस लेन्सच्या दिशेत ठेवले. एका चाकाचा आस उभा, ते कॅमेऱ्याचं वर-खाली मान हलवणं रोखतं, दुसऱ्याचा आडवा, ते डावं-उजवं रोखतं. आता हाताचा झटका आला की तो कॅमेऱ्याला लागायच्या ऐवजी फ्रेम डुलते आणि झटका तिथेच जिरतो. फ्रेम मधोमध परत यावी म्हणून दोन्ही बाजूंनी रबरबँड, आणि ती झुलत राहू नये म्हणून पिव्हटमध्ये, म्हणजे फ्रेम जिथे डुलते त्या सांध्यात, घट्ट सिलिकॉन ग्रीस. रबर फार ताठ घेतलं तर फ्रेम हलतच नाही आणि पुन्हा घट्ट बोल्ट केल्यासारखंच होतं, फार सैल घेतलं तर फ्रेम पार आडवी होऊन बसते आणि मग चाक फिरतंय पण उपयोग शून्य. बरोबर जमलं की सावकाश केलेला पॅन सहज जाऊ देतं आणि कंप तेवढा अडवतं. हे बघायला कॅमेऱ्यावर लेझर पॉइंटर चिकटवायचा, समोरच्या भिंतीवर ठिपका पाडायचा आणि हँडलवर बोटाने टिचकी मारायची. चाकं बंद असताना ठिपका भिंतभर नाचतो आणि चाकं वेगात आली की जागच्या जागी थोडासा थरथरतो, हे बघताना मला अजूनही अंगावर काटा येतो.

आता चाक. जुन्या ३.५ इंची हार्डडिस्कची मोटर यासाठी फार छान, कारण ती कारखान्यातूनच बॅलन्स होऊन येते. टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाच्या) पान्याने डिस्क उघडायची, डेटा वाचणाऱ्या हेडचा आर्म काढून टाकायचा, चकत्या मोटरवर तशाच राहू द्यायच्या, आणि तीन-चार चकत्यांची डिस्क मिळाली तर उत्तमच. मोटरला बहुतेक वेळा चार टोकं असतात, त्यातलं एक कॉमन, मल्टिमीटरने मोजलं की कॉमनपासून कुठल्याही फेजचा (मोटरमधल्या वेटोळ्याच्या टोकाचा) रेझिस्टन्स दोन फेजमधल्याच्या निम्मा दिसतो. बाकीची तीन टोकं ड्रोनवाल्या ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला, जोडायची. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, त्यामुळे बॅलन्स जरा जरी गेला तरी तोच १२० हर्ट्झचा कंप चित्रात जेलीसारखा लपलपतो आणि मग चाक नसलेलं बरं अशी वेळ येते.

आणि प्लीज, झाकण लावाच. ९५ मिलिमीटरच्या चकतीची कड त्या वेगाला ताशी १२९ किलोमीटरने पळत असते. लॅपटॉपच्या २.५ इंची डिस्कमध्ये पुष्कळदा काचेच्या चकत्या असतात आणि त्या फुटल्या की तुकडे उडतात, त्या या कामाला घेऊच नका.

मोकळ्या फ्रेमची ही युक्ती नवी नाही. हेलिकॉप्टरमधून शूट करणारे वर्षानुवर्षं केनयन कंपनीचे जायरो कॅमेऱ्याखाली लावतात, आत दोन चाकं असतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असेच चार प्रचंड जायरो आहेत, प्रत्येकात सुमारे ९८ किलोचं स्टीलचं चाक ६६०० आरपीएमला, तिथे फ्रेम मोटरने वळवतात एवढाच फरक. उलट गॅरेट ब्राउनच्या मूळ स्टेडीकॅममध्ये, म्हणजे चालता-चालता स्थिर शूट करायच्या त्याच्या यंत्रात, फिरणारं चाकच नव्हतं, वजन लांब पसरवून आणि गुरुत्वमध्याजवळ पकडून त्याने काम केलं. म्हणून जायरो लावायच्या आधी आपला रिग (कॅमेऱ्यासकट सगळा सांगाडा) नीट बॅलन्स करून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

मोटरवाला गिंबल, म्हणजे मोटरने कॅमेरा सरळ ठेवणारी फ्रेम, बाजारात मिळतोच, एमपीयू-६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर आणि बोर्ड घेऊन घरीही होतो, आणि चालत शूट करायला तोच हलका पडतो. चालतानाचा वर-खाली हिसका जायरोही थांबवत नाही, तो फक्त वळणं रोखतो. पण होडीत किंवा जीपमध्ये बसून झूम करायचं असेल तर हे चाकवालं यंत्र मला जास्त आवडतं, ना कोड ना कॅलिब्रेशन. मोटरची शिटी मात्र माइकमध्ये येणारच, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर लांबून घ्या.

पुण्यात असाल तर ईएससी आणि कनेक्टरसाठी तपकीर गल्लीत एक चक्कर मारा, आणि भंगारात डिस्क घेताना हातात तोलून जड असलेलीच उचला, सहसा तिच्यातच जास्त चकत्या निघतात.