ब्रेफी, पण कुठलं?

उन्हाळा लागला की आयर्लंडमधल्या खेडेगावच्या चर्चमध्ये पूर्वज शोधणारे येऊ लागतात. मी मूळचा वसईचा धर्मगुरू, सध्या क्लेअर काउंटीत समुद्राजवळच्या मिल्टाऊन मालबेत मदतीला आहे.

परवा सकाळच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, एक ऑस्ट्रेलियन आजी थांबल्या. हातात पणजीच्या प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. त्यावर ‘ब्रेफी, किलफारबॉय’, बस. काउंटीचा पत्ता नाही. नेटवर ब्रेफी शोधलं तर मेयो काउंटीतलं, कॅसलबारजवळचं निघालं. बाई तिथल्या सगळ्या दफनभूमी पालथ्या घालून इकडे आलेल्या. आता किलफारबॉय गाव कुठे, असं विचारत होत्या.

त्या नावाचं गाव नाहीच. वसईत गास म्हणा, निर्मळ म्हणा, गावाचं नाव तेच धर्मग्रामाचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचं. इथे किलफारबॉय हा जुना धर्मग्राम, त्याचं पडकं, बिनछपराचं देऊळ, म्हणजे चर्च, गावाबाहेर वर आहे आणि भोवती थडगी. सोळाव्या शतकात इंग्रज राजसत्तेने कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट पंथ धरला तेव्हा जुनी देवळं आणि त्यांच्या हद्दी सरकारी चर्चकडे गेल्या. कॅथलिकांनी पुढे जिथे बाजार, वस्ती होती तिथे नवी चर्च बांधली. सरकारने मात्र जमिनीच्या दप्तरात जुन्याच हद्दी ठेवल्या. त्यामुळे एकाच जागेवर दोन नकाशे. इथे ते बरेचसे जुळतात. काही ठिकाणी दोन-तीन जुने धर्मग्राम मिळून एक कॅथलिक धर्मग्राम झालाय, आणि लोक भलत्याच धर्मग्रामाच्या नोंदवहीत आजोबा शोधत बसतात.

ब्रेफी हे त्याहून लहान, म्हणजे टाऊनलँड, नाव असलेला जमिनीचा सगळ्यात लहान विभाग. चार-दोन घरं आणि शेतं, चर्च नाही, दुकान नाही. आयर्लंडच्या सगळ्या बेटावर असे साठ हजारांहून जास्त, आणि तीच नावं पुन्हा पुन्हा.

आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक धर्मग्रामांच्या जुन्या बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदवह्या २०१५ मध्ये नेटवर फुकट खुल्या केल्या. सांक्रिस्तीतल्या, म्हणजे चर्चच्या तयारीच्या खोलीतल्या, टेबलावर लॅपटॉप उघडून आम्ही १८४० नंतरची पानं चाळू लागलो. अक्षर गिचमीड, शाई पसरलेली. ब्रिजिट, मेरी, मार्गारेट यांचा तर महापूर! एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या तीन मुली सापडल्या. आजींचा चेहरा उतरला. मी बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममाता-धर्मपित्यांची नावं बघायला सांगितलं, कारण मावशी-काका तिथेच लपलेले असतात. एका नोंदीतली धर्ममाता त्यांच्या घरच्या पत्रांत येणारी निघाली. मग १८५५ च्या ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनात, म्हणजे करासाठी केलेल्या सरकारी यादीत, ब्रेफीत त्याच आडनावाचं जमीन कसणारं कूळ मिळालं.

इथवर कागद. पुढचं काम आमच्या म्हाताऱ्या सांक्रिस्तानांचं, म्हणजे चर्चची देखभाल करणाऱ्यांचं. मेणबत्त्या विझवता विझवता त्यांनी विचारलं, “ब्रेफी नॉर्थ की साऊथ?” नकाशात दोन आहेत, हे आजींना ठाऊक नव्हतं, खरं तर वहीलाही नव्हतं. सांक्रिस्तान म्हणाले, ते घर नॉर्थमध्ये, ओढ्याच्या अलीकडे. फुलं बदलायला आलेल्या बाई म्हणाल्या, “छे! साऊथ. माझी आजी तिथे दूध आणायला जायची.” दोघांची जुंपली. आजी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या आणि चक्क हसू लागल्या.

मला दुपारी दफनविधी होता, म्हणून मी उठलो. शेवटी तिघं फुलवाल्या बाईंच्या गाडीतून निघाली, आधी साऊथ बघायचं असं ठरवून. सांक्रिस्तानांना ते अजिबात पटलं नव्हतं.