उधळ्या म्हणावं की कफल्लक?

माझं काम भाषांतराचं. बचतीबद्दलचे मजकूर त्यात वरचेवर येतात, आणि त्यांतला 'स्पेंडथ्रिफ्ट' हा शब्द भल्याभल्यांना चकवतो. 'थ्रिफ्ट' म्हणजे काटकसर, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग स्पेंडथ्रिफ्ट म्हणजे जपून खर्च करणारा, असं वाटणारच. अर्थ मात्र नेमका उलटा: उधळ्या.

थ्रिफ्ट हा 'थ्राइव्ह'च्या कुळातला शब्द. पूर्वी त्याचा अर्थ भरभराट, गाठीला जमलेली पुंजी असा होता. ती पुंजी खर्चून टाकणारा तो स्पेंडथ्रिफ्ट. पिकपॉकेट (खिसेकापू), किलजॉय (आनंदावर विरजण घालणारा), स्केअरक्रो (बुजगावणं) हे शब्द याच घडणीचे: आधी क्रियापद, मग ते ज्यावर घडतं ते. आपण 'पाकीटमार' म्हणताना पाकीट आधी घेतो आणि मारणं नंतर, म्हणून इंग्रजीतली ही उलटी जोडणी पटकन लक्षात येत नाही. सोळाव्या शतकात याच अर्थाचा 'स्कॅटरगुड' असाही एक शब्द होता. चीजवस्तू विखरून टाकणारा! हा मागे पडला याचं मला खरोखर वाईट वाटतं.

'प्रॉडिगल'चंही असंच. बायबलमधल्या दृष्टान्तातला धाकटा मुलगा वाटणीचा पैसा उडवून, उपाशी राहून घरी परततो. त्याच्या परतण्याचीच गोष्ट इतकी गाजली, की प्रॉडिगल म्हणजे 'घरी परतलेला' असा पुष्कळांचा समज आहे. मूळ लॅटिन शब्द उधळपट्टीचाच. 'प्रॉफ्लिगेट' त्याहून कडक. त्यात पैशाबरोबर चारित्र्यावरही शिंतोडे उडतात. 'वेस्ट्रेल' म्हणजे उधळा तर खराच, वर निकम्मा. 'इम्प्रॉव्हिडंट' त्यामानाने सभ्य: पुढचं न पाहणारा.

पण हे सगळे शब्द त्या माणसाच्या स्वभावाला नावं ठेवतात. हातात पैसा होता आणि याने तो घालवला, असं ते गृहीत धरतात. ज्याच्या हातात भाडं, औषधं आणि फिया भागवल्यावर काही उरतच नाही, त्याला यांतला एकही शब्द लागू नाही. तरीही बचतीचे सल्ले देणारे लेख दोघांना एकाच दावणीला बांधतात. असं काही भाषांतराला आलं की मला राग येतो, आणि तो राग मी शब्दनिवडीत काढते.

या दुसऱ्या माणसासाठी इंग्रजीत शब्दांपेक्षा वाक्प्रचारच जास्त. 'लिव्हिंग फ्रॉम हँड टु माउथ' म्हणजे हातावर पोट. 'लिव्हिंग पेचेक टु पेचेक' ही अमेरिकी बोली: एक पगार संपतो तेव्हा पुढच्याची वाट पाहणं सुरू. यात दोष कुणालाच दिलेला नाही. पगार चांगला असूनही माणूस असा जगत असू शकतो. 'हार्ड अप' आणि 'स्ट्रॅप्ड फॉर कॅश' म्हणजे सध्या पैशाची चणचण असलेला.

'ब्रोक' मात्र जपून वापरा. 'आय अ‍ॅम ब्रोक' म्हणजे खिशात दमडी नाही. 'आय अ‍ॅम ब्रोकन' म्हणालात तर समोरचा तुमचं सांत्वन करू लागेल. शिवाय ब्रोक आणि पुअर एक नव्हेत. ब्रोक ही बहुधा तात्पुरती अवस्था, पुढच्या पगाराला संपणारी. म्हणून माणसं ती हसत सांगतात. ब्रिटिश लोक तिथे 'स्किंट' म्हणतात. तो 'स्किन्ड'चा अवतार आहे, म्हणजे सोलून काढलेला.

'शॉपाहोलिक' मला आवडत नाही. कपबशांवर छापून मिरवण्याइतका तो गोड झाला आहे. खरेदीचा सोस खरंच अनावर झालेल्या माणसाला आणि त्याचं कर्ज फेडणाऱ्या घरच्यांना त्यात गोड काही दिसत नसणार.

माझा लाडका शब्द 'फ्रिटर'. 'फ्रिटर अवे' म्हणजे चिल्लर चिल्लर करत पैसा घालवणं. 'स्प्लर्ज'मध्ये एकदाच दणक्यात केलेली चैन असते आणि ती लक्षात तरी राहते. फ्रिटर केलेला पैसा कुठे गेला ते आठवतही नाही. महिनाअखेरीस हिशोब लावायला बसलं की नुसतेच आकडे. क्रियापद इतकं नेमकं असूनही असं वागणाऱ्या माणसासाठी त्यातून रुळलेलं नाम नाही. 'फ्रिटरर' शब्दकोशात सापडतो, बोलण्यात नाही. मराठी मजकुरात मी तिथे 'किरकोळ खर्चात पैसे जिरवणारे' असं लिहिते. लांबलचक आहे, पण वाचणाऱ्याला लगेच कळतं.