राउटरमध्ये पोर्ट उघडलं, तरी बाहेरून कुणी आत येईना

दिंडोरी तालुक्यात मामांची द्राक्षबाग आहे. फळछाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे फुटू लागताना, पाऊस आला की डाऊनी रोगाची धास्ती असते, आणि फवारणी घ्यायची की थांबायचं हे बरंचसं पान किती तास ओलं राहिलं यावर ठरतं. म्हणून बागेत पानओलावा, तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर बसवले, सिमवर चालणारा छोटा राउटर लावला. नोंदी नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरातल्या कॉम्प्युटरवर जमा व्हायच्या आणि मामांनी त्या फोनवर बघायच्या, असं ठरलं. हंगामामागून हंगाम या नोंदी आपल्याजवळच राहाव्यात, अशी माझी फार इच्छा होती.

घरी फायबर आहे, स्पीडला नाव ठेवायला जागा नाही. पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून येणाऱ्यासाठी राउटरमध्ये एक दार (पोर्ट) उघडून ते त्या कॉम्प्युटरकडे वळवलं; घरातल्या घरात सगळं चाललं. बागेतून मात्र काहीच पोचेना.

उत्तर राउटरच्या स्टेटस पानावर होतं. वॅन आयपीसमोर (राउटरचा बाहेरच्या बाजूचा इंटरनेट पत्ता) १००.७२ ने सुरू होणारा पत्ता, आणि आपला आयपी दाखवणाऱ्या साइटवर भलताच दुसरा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरवर त्यातला पत्ता दिसला, की समजायचं: सार्वजनिक पत्ता तुमचा एकट्याचा नाही, कंपनीने तो अनेक घरांत वाटला आहे. याला सीजीनॅट म्हणतात.

असं करावं लागतं, कारण आयपीव्ही ४ या जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून साधारण ४.३ अब्ज, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. घरातून एखादी विनंती बाहेर गेली की कंपनीचं यंत्र तिची नोंद करतं आणि उत्तर त्या नोंदीवरून परत घरी पाठवतं. बाहेरून कुणी आपणहून आलं, तर त्याची नोंदच नसते; कुठल्या घरी पाठवायचं ते यंत्राला कळत नाही, आणि पॅकेट, म्हणजे आलेला माहितीचा तुकडा, तिथेच टाकून दिलं जातं. आपण उघडलेलं पोर्ट आपल्या राउटरवर असतं, अडवणूक त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच, कंपनीच्या यंत्रावर होते. ब्राउझिंग, व्हिडिओ, यूपीआय यांना याची झळ लागत नाही, म्हणून बहुतेकांना याची कल्पनाही नसते.

कस्टमर केअरला फोन केला. "सर, स्पीड बरोबर येतोय ना?" हाच प्रश्न फिरून फिरून. शेवटी वरच्या टीमने सांगितलं, स्टॅटिक आयपी (न बदलणारा, स्वतःचा सार्वजनिक पत्ता) घ्या, दरमहा वेगळे पैसे. पैसे मागण्याबद्दल माझी तक्रार नाही, पत्ते खरोखरच दुर्मीळ आहेत. पण कनेक्शन विकताना "बाहेरून आत येता येणार नाही" हे एका ओळीत लिहायला काय हरकत आहे? सीसीटीव्ही घरच्या रेकॉर्डरवरून थेट बघू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला हे आधी कळायला हवं.

तात्पुरता मार्ग म्हणून सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. घर आणि बाग दोघांनीही वायरगार्डने स्वतःहून त्याला जोडून घ्यायचं; हा प्रोग्रॅम इंटरनेटवरून दोन यंत्रांमध्ये खाजगी बोगदा तयार करतो. सुरुवात आतून होत असल्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. एक सेटिंग मात्र विसरू नका: पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद. बोलणं थांबलं की कंपनीच्या यंत्रातली नोंद पुसली जाते आणि बोगदा मुका होतो. दर २५ सेकंदांनी जाणारं छोटं पॅकेट ती नोंद जिवंत ठेवतं.

खरा उपाय आयपीव्ही ६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत. आमच्या कॉम्प्युटरवर आधी फक्त एफई८० ने सुरू होणारा पत्ता दिसायचा, म्हणजे घरापुरताच. कंपनीला आयपीव्ही ६ चालू करा असं स्पष्ट सांगितल्यावर ते सुरू झालं, तेही जादा पैसे न घेता. स्टॅटिक आयपीचे पैसे भरण्याआधी हे विचाराच, असं मी आता सगळ्यांना सांगतो. यात घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. त्यामुळेच राउटरचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारी भिंत, सरसकट बंद करू नका. मी त्या एका कॉम्प्युटरसाठी एकच पोर्ट उघडलं. कंपनी अधूनमधून पत्ता बदलते, म्हणून डायनॅमिक डीएनएस लावलं; पत्ता बदलला तरी नाव तेच राहतं. बागेतल्या राउटरच्या एपीएनमध्ये (सिमच्या इंटरनेटचं सेटिंग) आयपीव्ही ४ आणि ६ दोन्ही निवडावं लागलं, मग नोंदी थेट घरी येऊ लागल्या.

मामांच्या फोनवर मोबाइल डेटा असला की पान लगेच उघडतं. त्यांच्या घरच्या वायफायवर उघडत नाही, कारण तिथल्या कनेक्शनला अजून आयपीव्ही ६ नाही. तिथे सर्व्हरचा बोगदाच चालू आहे, आणि त्यांच्या केबलवाल्याकडे अर्ज दिला आहे.