तुम्ही विचारलंत म्हणून : माझ्या कराटे क्लासमधली मुलं कौलं का फोडत नाहीत

दर जूनमध्ये हा प्रश्न येतो. शाळा सुरू झाल्या की नवे पालक चौकशीला येतात, फी विचारतात, वेळ विचारतात आणि मग मोबाइल पुढे करतात. त्यात कुठल्या तरी गॅदरिंगचा व्हिडिओ असतो. स्टेजवर दोन चिरे, त्यांवर पाच मंगलोरी कौलं, आणि सात-आठ वर्षांची मुलगी एका फटक्यात ती आडवी करते. "सर, तुमच्याकडे हे नाही शिकवत?"

आजवर मी वेगवेगळी उत्तरं दिली. "अजून लहान आहेत, पुढे बघू." "आधी बेसिक पक्कं होऊ दे." एकदा तर "आमच्या असोसिएशनचा नियम आहे," असंही सांगून टाकलं. असा कुठलाही नियम नाही. यंदा एका वडिलांनी दोन मुलांची नावं काढून घेताना सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला जमत नाही, की शिकवायचं नाही?" त्यांचा राग मला समजला. वर्षभर फी भरून मुलाने घरी येऊन दाखवायचं काय? हवेत मारलेले ठोसे? म्हणून एकदाच नीट लिहितो.

जमत नाही असं नाही. मी पहिलं कौल फोडलं 1990 साली, चौदाव्या वर्षी, चिपळूणमध्येच एका वाड्याच्या मागच्या अंगणात. तो क्षण मी आजही विसरलेलो नाही. फुटल्याचं हाताला आधी कळतं, कानाला नंतर. मी तेव्हा बुटका आणि तोतरा होतो, वर्गात बाई प्रश्न विचारायला लागल्या की बाकाखाली बघणारा. त्या संध्याकाळी लाल मातीचे दोन तुकडे पिशवीत घालून घरी आणले आणि देवघराच्या फळीखाली कित्येक महिने ठेवले. पुढे जे काही झालं, ब्राउन बेल्ट, ब्लॅक बेल्ट, 2001 साली सुरू केलेला हा क्लास, त्या सगळ्याची सुरुवात तिथे आहे. त्यामुळे कौल फोडणं हा नुसता तमाशा आहे असं कुणी म्हटलं की मला आजही लागतं. माझ्यासाठी तो तमाशा नव्हता.

पण मुलांच्या डेमोत कौल कसं फुटतं ते आता सांगतो. आमच्या धंद्यातले काही जण नाराज होतील, होऊ देत.

कोकणात कौल पारखायला कुणाला शिकवावं लागत नाही. हातात धरून बोटाच्या पेराने टिचकी मारायची. चांगलं कौल टणटण वाजतं. आत चीर गेलेलं भद्द वाजतं. घरावर चढवताना भद्द वाजणारं बाजूला काढतात. आम्ही मुलांसाठी तेच निवडून घ्यायचो. जुनं घर पाडलं की मालकाकडून वीस-पंचवीस कौलं मागून आणायची, एकेक वाजवायचं, भद्द ती मुलांसाठी आणि टणटणीत ती मोठ्यांसाठी. दोन कौलांच्या मध्ये पेन्सिलीचे तुकडे ठेवायचे, म्हणजे ती सगळी मिळून फटका न झेलता एकेक करून फुटतात. चिरे होता होईल तितके लांब सरकवायचे, म्हणजे कौलाचं पोट मोकळं राहतं. या सगळ्यात लबाडी किती आणि खबरदारी किती, याचा हिशेब मी तेव्हा केला नाही. मुलाला इजा होऊ नये म्हणूनच करतोय, असं स्वतःला सांगायचो, आणि ते खोटंही नव्हतं.

डिसेंबर 2008. एका शाळेचं स्नेहसंमेलन. शाळेचं नाव घेत नाही, त्यांचा काही दोष नाही. आमची वीस मुलं होती. आधी सगळ्यांचा मिळून काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचाली, मग दोघांची लुटुपुटूची कुमिते, म्हणजे लढत, शेवटी कौलं. शेवटच्या भागासाठी मी नऊ वर्षांचा एक मुलगा निवडला होता. बेल्ट ऑरेंज, अंगाने काडी, पण कीआई, म्हणजे फटक्याबरोबरची आरोळी, अशी की मागच्या रांगेतल्या आज्या दचकायच्या. तो शब्द पाळणारा मुलगा होता. मी "शंभर" म्हटलं की तो शंभरच पंच मारायचा, नव्व्याण्णवला थांबायचा नाही.

प्रमुख पाहुणे ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी आले. त्यांना पुढे दुसरा कार्यक्रम होता, म्हणून आमचा डेमो वर घेतला. रिक्षातून कौलं उतरवून मी ती स्टेजमागे भिंतीला टेकवून ठेवली होती, भद्द आणि टणटण एकाच थप्पीत. वाजवून वेगळी करायला दहा मिनिटं लागली असती. मी वाजवली नाहीत. वरची दोन उचलली, चिऱ्यांवर ठेवली, मध्ये पेन्सिली सरकवल्या आणि पडदा उघडला.

त्याने रेई केलं, म्हणजे वाकून नमस्कार, श्वास घेतला आणि मारलं. आवाज झाला, पण तो फुटण्याचा नव्हता. कौलं जागच्या जागी. सभागृहात कुणीतरी हसलं, लहान मूलच असावं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी विंगेत होतो, चार हातांवर. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा दिसलं नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. दिसलं होतं. तो विचारत होता.

मी म्हणालो, "परत! कीआई जोरात!"

त्याने परत मारलं. दोन्ही कौलं गेली. टाळ्या थांबेनात. पाहुणे उठून स्टेजवर आले आणि खिशातून शंभराची नोट काढून त्याला दिली. त्याने डावा हात पुढे केला. आम्ही मुलांना कुठलीही वस्तू उजव्या हाताने घ्यायला शिकवतो. मी मागून हलकेच म्हणालो, "उजवा हात." त्याने उजवा हात पुढे केला आणि नोट घेतली.

त्यानंतर तासभर तो इतर मुलांबरोबर खुर्चीत बसून नाच बघत होता. रडला नाही, काही बोलला नाही. मी त्यांना रोज काय सांगायचो? कराटे करणारा रडत नाही. दुखलं तर चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. त्याने माझं ऐकलं. घरी गेल्यावर आईने बेल्टची गाठ सोडायला सांगितली तेव्हा त्याला ती एका हाताने सुटेना, आणि तिचं लक्ष हाताकडे गेलं.

रात्री दहाला मला फोन आला. दवाखान्यात पोचलो तर एक्स-रे झाला होता. करंगळीच्या मागचं, तळहातातलं हाड, मुठीच्या टोकापाशी मोडलं होतं. फटका पहिल्या दोन बोटांच्या मुठीवर बसायला हवा, त्याचा करंगळीकडे सरकला होता. डॉक्टर मला म्हणाले, "मुलांचं हे हाड जिथून वाढतं ना, नेमकं तिथेच आहे हे." मग त्याच्याकडे वळून विचारलं, "किती वेळा मारलंस रे?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. स्टेजवर पाहिलं होतं तसंच. आणि म्हणाला, "एकदाच."

मी काही बोललो नाही.

महिनाभर प्लास्टर होतं. त्याचे आईवडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. "खेळ म्हटल्यावर व्हायचंच, सर," असं वडील म्हणाले, आणि दोन महिन्यांनी त्यांनी त्याला परत क्लासला पाठवलं. मला वाटायचं, यांनी एकदा तरी ओरडावं. हाड जुळलं, पण पुढेही त्याने मूठ वळली की करंगळीचा उंचवटा वर यायचा नाही. चारातला एक आत गेलेलाच. तो पुढे चार वर्षं माझ्यासमोर रोज ती मूठ वळून उभा राहत होता.

त्या डिसेंबरनंतर माझ्या क्लासमध्ये सोळा वर्षांखालच्या कुणीही कौल फोडलेलं नाही.

तेव्हाचा, बत्तीस वर्षांचा मी इथे लगेच आडवा येतो. तो म्हणतो, चूक कौलाची नव्हती, तुझ्या घाईची होती. वाजवून घेतली असतीस तर काहीच झालं नसतं. त्याआधी सात वर्षं झालं नव्हतं. एका अपघातासाठी शेकडो मुलांचा तो क्षण का हिरावून घेतोस, जो तुला चौदाव्या वर्षी मिळाला? यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी त्याला एवढंच सांगतो की हाड घाईने मोडलं, हे मान्य. पण दुसरा फटका घाईने मारला गेला नाही. नऊ वर्षांच्या मुलाने मोडक्या हाताने परत मारलं, कारण मी तशी मुलं घडवत होतो आणि त्याला शिस्त म्हणत होतो. कौल वाजवून घेतलं असतं तर ते मला कधी दिसलंच नसतं.

पालक इतिहास सांगतात तेव्हा मीही सांगतो. "खरं कराटे म्हणजे हेच ना, सर? जपानमध्ये तर..." जपानमध्ये फोडाफोडी गाजवली ती मुख्यतः क्योकुशिन शैलीच्या मासुतात्सु ओयामांनी, मोठ्या माणसांच्या कराटेत. मुलांचं कराटे त्याच्याआधीचं आहे. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या कराटेगुरू अंको इतोसूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शाळांमध्ये नेलं, तेव्हा मुलांना झेपावेत म्हणून पाच पिनान काता बसवले. तेच पुढे जपानच्या मुख्य भूमीवर कराटे रुजवणाऱ्या गिचिन फुनाकोशींनी हेआन या नावाने शिकवले. आपली मुलं यलो बेल्टसाठी जो हेआन शोदान करतात तो त्यातलाच. एकवीस हालचाली, आणि पहिलीच हालचाल अडवण्याची. तो काता नीट करायला मुलाला वर्ष लागतं. तुम्हाला ते हवेतले ठोसे वाटतात. बेल्टचंही तसंच. तो ज्यूदोतून आला, ज्यूदोचे जनक जिगोरो कानोंकडून. फुनाकोशींनी कराटेतले पहिले डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टचे दर्जे, 1924 साली दिले. म्हणजे ज्यांनी मुलांसाठी हेआन रचला, त्या इतोसूंच्या कमरेला ब्लॅक बेल्ट कधी नव्हताच. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा का नाही, हेही तुम्ही विचारता. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

कौलांऐवजी काय केलं, ते सांगतो. "यामे" म्हणजे थांबा. हा शब्द सर उच्चारतात आणि मुलं थांबतात. 2009 पासून आमच्याकडे तो मुलांनाही दिलाय. कुणीही, कधीही, हात वर करून "यामे" म्हणायचं, आणि मलाही थांबावं लागतं. का, असं तिथे विचारायचं नाही. माझे जुने सोबती यावर नाराज आहेत. शिस्त गेली म्हणतात. आणि खरं सांगतो, काही मुलं डिप्स आले की यामे म्हणतात. त्यातलं कुणाचं दुखतंय आणि कुणाला कंटाळा आलाय, हे मला पंधरा वर्षांनंतरही दर वेळी ओळखता येत नाही. काही मुलं मी यामुळे आळशी केली असतील. एक मुलगी कंटाळून माझ्याकडून दुसऱ्या क्लासला गेली, तिथे तिने गणपतीच्या मांडवात दहा कौलं फोडली, आणि आज ती पोलिसात आहे. भेटली की म्हणते, "सर, त्या दिवशी माझी भीती गेली." मी तिला खोटं पाडू शकत नाही. मलाही तेच झालं होतं.

मुलींचे पालक तर स्वसंरक्षणाचं विचारतातच. कौल उलटून मारत नाही. आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाने धरलं तर तिच्या मुठीने काही होणार नाही, आणि होईल असं तिला वाटायला लावणं मला धोक्याचं वाटतं. मी तिला ओरडायला शिकवतो, पळायला शिकवतो, आणि घरी येऊन सांगायला. "एकदाच" असं म्हणून गप्प राहायला नाही.

हे लिहिण्याआधी मी त्या मुलाला फोन केला. आता तो पुण्यात नोकरी करतो. म्हटलं, नाव न घेता तुझं लिहितोय, चालेल का. आणि जे सोळा-सतरा वर्षं बोललो नव्हतो ते बोललो. दुसरा फटका. दवाखान्यातलं माझं गप्प बसणं. तो थोडा वेळ थांबला आणि हसला. म्हणाला, "सर, दोनदा मारलं म्हणून तर फुटलं ना." माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस होता तो, म्हणाला. मी विचारलं, हात दुखतो का अजून? "थंडीत," म्हणाला. मग त्याने विचारलं, त्या दिवसाचा एखादा फोटो आहे का, मुलीला दाखवायचाय.

क्लासचे सगळे अल्बम 22 जुलै 2021 च्या पुरात गेले, मॅट्सबरोबर. हा एक फोटो घरच्या कपाटात वरच्या कप्प्यात होता म्हणून वाचला. चिऱ्यांवर दोन कौलं, त्यांच्यावर टेकलेली मूठ, तोंड उघडं, डोळे मिटलेले. कौलं अजून अखंड आहेत. फोटो पहिल्या फटक्याचा आहे की दुसऱ्याचा, ते त्यावरून कळत नाही. तो अजून त्याला पाठवलेला नाही.