पिंगुळी, सावंतवाडी आणि जत्रेतला दशावतार: जाणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

सिंधुदुर्गात बहुतेक लोक मालवण, तारकर्ली, किल्ला, मासे एवढं करून परत येतात. आम्ही यावेळी मुद्दाम समुद्र बाजूला ठेवून फक्त कलांसाठी गेलो, कुडाळ ते सावंतवाडी एवढ्याच पट्ट्यात फिरलो आणि मला अगदी मनापासून वाटतं की हा भाग असाच बघावा. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी पिंगुळी, मग सावंतवाडी आणि शेवटी रात्रीचा दशावतार, म्हणजे जत्रेतलं इथलं लोकनाट्य. कारण तिन्हीकडे गोष्टी त्याच, रामायण, महाभारत, विष्णूचे अवतार, पण एकीकडे त्या कागदावर आहेत, दुसरीकडे खेळायच्या पत्त्यांवर आणि तिसरीकडे जिवंत माणसांच्या अंगात, त्यामुळे या क्रमाने गेलं की प्रत्येक पुढची गोष्ट जास्त कळत जाते.

पिंगुळी कुडाळपासून अगदी जवळ, स्टेशनवरून रिक्षा मिळते. रिक्षावाल्याला ठाकर कलांचं म्युझियम म्हणून सांगा, नुसतं पिंगुळी म्हटलंत तर तो राऊळ महाराजांच्या मठात नेईल (तेही बघाच, पण वेगळा वेळ काढून). गुढीपूर भागात ठाकर समाजाची वस्ती आहे आणि परशुराम गंगावणे यांनी गोठ्याचं रूपांतर करून तिथे ठाकर आदिवासी कला आंगण उभं केलंय. त्यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. जागा छोटीच आहे, बाहेरून बघून ‘एवढंच?’ वाटेल, पण आत चित्रकथीच्या जुन्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या असं सगळं आहे.

इथे नुसतं म्युझियम बघून निघू नका, प्रयोग बघा. चित्रकथीत एका आख्यानाची सुटी चित्रं असतात, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात, आणि कथेकरी एकेक चित्र समोर धरत गात-बोलत गोष्ट पुढे नेतो, साथीला वीणा, टाळ, हुडूक (हातातलं छोटं चर्मवाद्य). दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात त्यामुळे कागद जाड होतो आणि पलटला की पुढचा प्रसंग तयार. फोटोत ही चित्रं सपाट वाटतात, मोठे डोळे, बाजूने काढलेले चेहरे, बस. पण आवाज सुरू झाला की तेच चेहरे भांडायला लागतात, रडायला लागतात. मी आधी ही चित्रं पुस्तकांत बघितली होती आणि तेव्हा ती मला फक्त सुंदर वाटली होती, ती ऐकायची असतात हे तिथे बसल्यावर कळलं.

प्रयोगासाठी आधी फोन करूनच जा. कलाकार बाहेरगावी कार्यक्रमाला गेलेले असू शकतात आणि दोन-तीन माणसांची साथ जमवायला त्यांना वेळ लागतो. मानधन किती ते फोनवरच मोकळेपणाने विचारून घ्या, घासाघीस नको. चामड्याच्या बाहुल्यांचा, म्हणजे पडद्यावरच्या सावल्यांचा, खेळ असेल तर संध्याकाळची वेळ मागा, पडद्यामागच्या दिव्याचा रंग उजेडात नीट दिसत नाही. आणि खेळ संपल्यावर परवानगी घेऊन पडद्यामागे जाऊन बघा, लहान मुलं बरोबर असतील तर नक्कीच.

सावंतवाडीला एसटीने गेलात तर बरं, स्टँड गावात आहे. रेल्वेचं सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, रात्रीच्या गाडीने उतरणार असाल तर रिक्षाची सोय आधी करा. राजवाडा मोती तलावाच्या काठावर, आणि बघायचं ते तिथलं गंजिफाचं काम. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वर लाखेचं पॉलिश. ही कला जवळपास संपलीच होती, 1970 च्या दशकात इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली, नाहीतर आज आपण हे पत्ते फक्त काचेआड बघितले असते. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून रंगवत असतात, त्यांच्या शेजारी शांतपणे उभं राहून बघता येतं. एवढ्याशा गोलात घोडा, स्वार, छत्री सगळं एका बारीक ब्रशने उतरतं, बघत राहावं असं काम आहे.

दशावतारी गंजिफात 120 पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी 12. राजा, प्रधान आणि मग एक्का ते दश्शी. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. मला सगळ्यात आवडलं ते खेळाचं गणित, राजा-प्रधानाखाली अर्ध्या अवतारांत दश्शी मोठी आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा, शिवाय दिवसा खेळ रामाने सुरू होतो आणि रात्री कृष्णाने. कारागिरांना खेळाबद्दल विचारा, लोक फक्त किंमत विचारून जातात. पूर्ण संच महाग असतो आणि असायलाच हवा, एकेक पत्ता किती वेळ खातो ते समोर दिसतंच. बजेट नसेल तर सुटे पत्ते किंवा छोट्या वस्तू मिळतात का ते बघा. राजवाडा कुठल्या दिवशी बंद असतो ते आधी विचारून घ्या.

लाकडी खेळण्यांसाठी चितार आळी. दुकानं भरपूर, फळं, भातुकली, पाट, चौरंग. पारंपरिक काम पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं असतं. बाहेरून आलेला मालही काही ठिकाणी ठेवतात म्हणून ‘हे इथे बनलंय का, लाकूड कुठलं?’ असं सरळ विचारायचं, इथला दुकानदार खूश होऊन सांगतो. रंगवलेल्या वस्तू प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळून घ्या, एकमेकांवर घासून रंग जातो.

आता दशावतार. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत नाटकं चालू असतात, त्यामुळे सहलीची तारीख जत्रेवरून ठरवा, सुट्टीवरून नाही. सोनुर्लीची जत्रा कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास असते, लोटांगणांसाठी प्रसिद्ध, पण गर्दी प्रचंड. पहिल्यांदा जात असाल तर एखाद्या छोट्या गावाची जत्रा बरी. राहता तिथल्या मालकांना विचारलं की आज कुठे कुठल्या कंपनीचं नाटक आहे ते लगेच कळतं, इथे प्रत्येकाची आवडती कंपनी ठरलेली असते आणि त्यावरून जोरदार वाद होतात.

नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. आधी गणपती, सरस्वती, मग काळ्या वेशातला संकासुर राक्षस येऊन लोकांना हसवतो, आणि नंतर आख्यान. लिखित संहिता नाही. कथा ठरलेली, संवाद रंगमंचावरच सुचलेले, आणि स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करतात. मागे पेटी, मृदंग, झांज, समोर एक बाकडं, तेच सिंहासन आणि तेच जंगल. आदल्या दिवशी ज्या अवतारांचे पत्ते हातात घेतले होते त्यांच्याच गोष्टीवर माणसं रात्री दोन वाजता भांडतायत हे बघताना मी पूर्ण जागी होते. मालवणी सगळं कळलं नाही तरी अडत नाही, शेजारच्या आजींनी ‘खुर्ची व्हयी काय?’ विचारत बसवून घेतलं आणि प्रत्येक पात्र समजावून सांगितलं.

रात्रीसाठी तयारी करून जा: शाल किंवा स्वेटर (थंडीत दव पडतं), बसायला चटई, पाणी, सुटे पैसे. जत्रेतलं खाजं (गुळात घोळलेला गोड खाऊ) तिथेच घ्या. परतीची रिक्षा जाण्याआधीच ठरवा, त्या वेळी एसटी नसते. मेकअप करताना कलाकारांना बघायचं असेल तर लवकर पोचून विचारा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, पण फ्लॅश मारू नका आणि गणपतीच्या पूजेच्या वेळी फोन खाली ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही प्लॅन ठेवू नका, झोप लागणारच आहे, आणि परतीची गाडी तर चुकूनही सकाळची काढू नका.