लाल टेस्ट परवडल्या

व्ह्यू ही वेबपानं बनवायची जावास्क्रिप्टची चौकट. तिच्या व्ह्यू 2 वरून व्ह्यू 3 वर गेल्यावर पहिल्यांदा टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, चालवल्या तेव्हा बाबा ओसरीवर तिसऱ्या वेच्याचा कापूस उतरवत होते. 438 पैकी 391 लाल, म्हणजे नापास. त्यांनी खांद्यावरून डोकावून पाहिलं. "एवढं लाल कायले दिसून रायलं माय?" म्हटलं, काही नाही बाबा, जुनं काढून नवं टाकलं. "मंग बिघडलं काहून?" याचं नीट उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

आमचं गाव हिंगणघाटपासून पंधरा-सोळा किलोमीटर. कंपनी पुण्याची, मी गावातून काम करते. आमचं सॉफ्टवेअर जिनिंगवाले कापूस खरेदीला वापरतात. गाडी आली की वजन, ओलावा, भाव, हमाली आणि शेवटी पावती. व्ह्यू 2 चा अधिकृत आधार 31 डिसेंबर 2023 ला संपला, आम्हाला जाग आली वर्षभरानं. तीही ऐन हंगामात, जानेवारीत. असो.

त्या 391 लाल टेस्टचं मला फार दुःख झालं नाही. त्यातल्या बहुतेक त्याच त्या चार-पाच कारणांनी पडल्या होत्या. टेस्ट युटिल्स हे व्ह्यूच्या टेस्ट लिहायचं साधन. त्याच्या नव्या आवृत्तीत 'प्रॉप्सडेटा'चं 'प्रॉप्स' झालं, 'डिस्ट्रॉय'चं 'अनमाउंट' झालं, 'क्रिएटलोकलव्ह्यू' गेलंच, आणि 'मॉक्स', 'स्टब्स' हे सगळं 'ग्लोबल'च्या आत सरकलं. वजनाच्या खोक्यातून पूर्वी 'इनपुट' इव्हेंट निघायचा, आता 'अपडेट:मॉडेलव्हॅल्यू' निघतो. निंदणासारखं काम. खाली मान घालून तास धरायचा आणि पुढं सरकायचं. तीन दिवसांत ऐंशीच्या आत आले.

उरले ते स्नॅपशॉट, म्हणजे पडद्याच्या एचटीएमएलच्या आधी जपून ठेवलेल्या प्रती, ज्यांच्याशी टेस्ट नवं रूप ताडून पाहते. आणि माती तिथं खाल्ली.

व्ह्यू 2 मध्ये एखादा भाग दाखवायची अट खोटी ठरली की त्या जागी एक रिकामी एचटीएमएल कमेंट उरायची. व्ह्यू 3 त्या कमेंटमध्ये 'व्ही-इफ' असं लिहितं. एवढाच फरक, पण प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये पंधरा-वीस ठिकाणी. शेकडो ओळी लाल-हिरव्या. पहिले सात-आठ डोळ्यांत तेल घालून वाचले. सगळीकडे तेच 'व्ही-इफ'. मग रात्री अकराला कंटाळून 'यू' दाबलं आणि सगळे स्नॅपशॉट नवे करून झोपले.

पावतीचा स्नॅपशॉट त्यातच होता. दोन दिवसांनी ब्राउझरमध्ये पावती उघडली तर हमाली नुसती '450'. रुपयाचं चिन्ह नाही, पैसे नाहीत. आधी '₹450.75' दिसायचं.

झालं होतं असं. आमच्या टेम्प्लेटमध्ये रकमेपुढं उभी रेघ आणि तिच्यापुढं 'रुपये' नावाचा फिल्टर होता, आकडा रुपयाचं चिन्ह आणि पैशांसह दाखवणारा. व्ह्यू 3 मधून फिल्टर काढून टाकलेत. पण उभी रेघ जावास्क्रिप्टमध्ये पहिल्यापासून आहे, तिचा अर्थ बिटवाइज ऑर, म्हणजे दोन पूर्णांकांचे बिट जुळवायची क्रिया. त्यामुळे कंपाइल करताना कुणी ओरडलं नाही. 450.75 आणि 'काहीच नाही' यांचा बिटवाइज ऑर केला की अपूर्णांक गळतो, हाती 450 राहतात. कन्सोलमध्ये 'रुपये' सापडत नाही अशी ताकीद येत होती, पण त्या दिवसांत तिथं ताकिदींचा बाजार भरला होता. लिंटरमध्ये, म्हणजे कोड न चालवता चुका दाखवणाऱ्या साधनात, यासाठी तयार नियम आहे, तो आम्ही चालूच केला नव्हता.

हमालीची एक साधी टेस्टही होती. ती काय तपासायची? मजकुरात '450' आहे का. आधीही होतं, नंतरही होतं. हिरवी! आणि स्नॅपशॉट बिचारा लाल होऊन खरं सांगत होता, तर मीच त्याचं तोंड दाबलं.

इथं बाबांच्या काट्याची गोष्ट सांगावी लागेल. खेडा खरेदीवाला गावात गाडी घेऊन आला की बाबा आदल्या दिवशी रेशन दुकानाच्या काट्यावर स्वतःचं वजन करून येतात. दुसऱ्या दिवशी कापसाचं पहिलं गाठोडं ठेवायच्या आधी व्यापाऱ्याच्या काट्यावर स्वतः चढतात. "मी पासष्टचा हावो. तुहा काटा काय म्हनते पाहू." एका वर्षी काटा एकसष्ट म्हणाला. तो माणूस पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही.

मी तेच केलं. कोड मुद्दाम बिघडवायचा आणि टेस्ट लाल होते का ते पाहायचं. पहिली घेतली ओलाव्याची. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्याच्यावर टक्क्यामागे कपात, आणि 12 च्या वर कापूस घेतच नाहीत. आमच्या पडद्यावर 12 च्या वर आकडा गेला की तांबडी पट्टी येते. टेस्ट होती: 9 टक्के असेल तर पट्टी दिसू नये. कोडमधले 12 काढून 5 टाकले. आता 9 लाही पट्टी यायला हवी, टेस्ट पडायला हवी. हिरवी. 5 चा 1 केला. हिरवीच.

मग टेस्टमधला एचटीएमएल छापून पाहिला. आत फक्त एक रिकामा 'कार्ड-स्टब'. टेस्ट 'शॅलोमाउंट'नं लिहिलेली, म्हणजे आतल्या घटकांच्या जागी नुसते पोकळ नमुने, स्टब, येतात. आणि पट्टी कार्डाच्या स्लॉटमध्ये, म्हणजे बाहेरून मजकूर भरायच्या जागेत. जुन्या टेस्ट युटिल्समध्ये स्टबच्या आत स्लॉटचा मजकूर यायचा, नव्यात आपण सांगितल्याशिवाय येत नाही. म्हणजे पट्टी दिसूच शकत नव्हती. 9 टक्के असो की 90.

याची जोडीची टेस्ट, 13 टक्क्यांना पट्टी दिसावी अशी, असती तर लगेच पडली असती. होती ना! 2022 च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी ती अधूनमधून पडायची म्हणून मीच 'स्किप' लावून ती वगळली होती. शेजारी कमेंट: 'नंतर पाहू'. पुरणपोळीची घाई झाली असेल.

कार्ड लहानच आहे म्हणून 'शॅलोमाउंट' काढून सरळ 'माउंट' केलं, म्हणजे आतलं सगळं खरं उभं राहतं, आणि 'स्किप' उडवलं. स्टबमध्ये स्लॉट दाखवायची एक सेटिंग आहे, ती सगळीकडे लावली असती तर काम झटक्यात झालं असतं. पण मला एकेक पाहायचीच होती. 'दिसू नये', 'नसावं' असं म्हणणाऱ्या सगळ्या टेस्ट शोधल्या. अठ्ठावन्न निघाल्या, त्यातल्या एकोणीस अशाच पोकळ. पुण्याच्या टीम लीडनं विचारलं, हिरव्या टेस्टवर आठवडा का घालवतेस? त्यांना ओलाव्याच्या पट्टीचा व्हिडिओ पाठवला. मग म्हणाले, घे आठवडा.

स्नॅपशॉट पावतीचा एकच ठेवला, बाकीचे काढले. हमालीच्या टेस्टमध्ये आता '₹450.75' असं पूर्ण लिहिलंय. आज अजून तेवीस टेस्ट बिघडवून पाहायच्या आहेत. पंपाची थ्री फेज वीज रात्री बाराला येणार आहे. भाऊ गव्हाला पाणी द्यायला निघाला की त्याच्यासोबत चहा घेईन आणि बसेन.