काटेरी वाफ्याचं अपडेट : पावसाळा संपला, आता थंडीची मजा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आपल्या नाशिकच्या हवेत थंड देशातले थिसल, म्हणजे काटेरी पानांची, गोळ्या-गोंड्यांसारख्या फुलांची झाडं, टिकतात का असं दोघातिघांनी विचारलं होतं. माझ्या वाफ्यावरून सांगायचं तर ऊन त्यांना मारत नाही, थंडी तर नाहीच नाही, मारतो तो पावसाळा. या सगळ्यांचं सोटमूळ खोल जाऊन पाणी शोधणारं, आणि आपली काळी माती जून ते सप्टेंबर ओल धरून बसणारी, मग बुंध्याशी कूज लागते, वरून पानं हिरवीगार दिसतात आणि एके दिवशी सहज हात लावावा तर अख्खा झुबका उपटून हातात.

त्यामुळे यंदा वाफा गुडघ्याएवढा उंच केला, खाली विटांचे तुकडे, वर मुरूम आणि पोयटा निम्मा निम्मा, गांडूळखत अगदी नावाला. शेणखत भरभरून घालायचा मोह होतो पण नकोच, खाऊनपिऊन माजलेलं थिसल नुसतं पानावर जातं आणि दांडा आडवा पडतो. बुंध्याभोवती बारीक खडी पसरली की पाणी तिथे थांबत नाही. खर्च शून्य, शेजारच्या बांधकामावरची उरलेली खडी मागून आणली.

आता एकेकाचं सांगतो.

इकिनॉप्स रिट्रो, म्हणजे निळ्या गोळ्यांचं ग्लोब थिसल, गेल्या हिवाळ्यात बी टाकलेलं. पहिल्या वर्षी फूल मागूच नका, तो फक्त मूळ आणि पानं करतो. पान वरून गडद हिरवं आणि उलटं केलं की खाली पांढरी लोकर, बोट फिरवून बघा. मे महिन्यात पार मान टाकली होती, पावसात वाफ्यावर तिरका पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकला म्हणून वाचला. डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला, तिकडे निफाडला द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवायला लागले आणि इकडे हे साहेब टवटवीत. आता मधोमध पहिला गोळा धरलाय, अजून राखाडी-हिरवाच आहे. तो वरून खाली उमलत येतो, डोक्यावरची फुलं आधी आणि कंबरेची नंतर, आणि त्यातलं प्रत्येक बारीक फूल म्हणजे स्वतःचं वेगळं आवरण असलेलं एक अख्खं फुलडोकं, भिंग असेल तर जरूर बघा. सुकवून ठेवायचा असेल तर निळा रंग चढला की फुलं उमलायच्या आधीच कापा, नंतर कापलात तर सुकल्यावर भुगा होतो.

एरिंजियम प्लॅनम रडतखडत. दिसायला थिसल पण खानदान कोथिंबीर-गाजराचं, त्यामुळे सोटमूळ आलंच, आणि रोप उचलून दुसरीकडे लावलेलं त्याला अजिबात खपत नाही, थेट खोल कुंडीत पेरा. जुनं बी असलं तर रुजायला फार आढेवेढे घेतं, म्हणून ओल्या कोकोपीटमध्ये मिसळून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवलंय (डब्यावर नाव लिहा, आमच्याकडे ते मोहरी म्हणून फोडणीत जाता जाता वाचलं).

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ती आपली करडई! हो, शेतातली, तेलाची. तीही थिसलच्याच कुळातली, आणि सप्टेंबरअखेर मूठभर टाकली की बाकी काही करावं लागत नाही. पिवळी फुलं उमलतात आणि कोमेजता कोमेजता केशरी-लाल होतात, एकाच झाडावर तिन्ही रंग. मावा मात्र येतोच, कोवळ्या शेंड्यांवर काळा थर दिसला की निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर. ढालकिडे (लेडीबर्ड) दिसले तर फवारूच नका, ते मावा खाऊन टाकतात. विरळणीत निघालेली कोवळी रोपं आईने ताब्यात घेतली, लसूण आणि डाळ घालून भाजी केली, बाहेरच्या थिसलवाल्यांना हे सुख कुठलं. काटे नको असतील तर बिनकाट्याचे वाणही आहेत, फलटणला निंबकरांच्या शेती संशोधन संस्थेत त्यावर बरंच काम झालंय, पण बिनकाट्याचं लावायचं तर मग या नादाला लागायचंच कशाला!

खालच्या मजल्यावरच्या काकू परवा म्हणाल्या, "अरे, लोक तण उपटतात आणि तू पाणी घालतोस?" त्या ज्याबद्दल बोलत होत्या तो पिवळा धोतरा, कोपऱ्यात आपोआप उगवलेला. तो थिसल नाही, खसखशीच्या कुळातला, आणि बी विषारी, मोहरीत मिसळलं तर तेलातून माणसं आजारी पडतात, म्हणून तो लगेच उपटला. काकूंना पटलं, निदान तेवढ्यापुरतं.

पुढच्या हंगामात उंटकटारा लावायचाय, आपला देशी इकिनॉप्स. सिन्नरकडच्या माळावर मुरमाड जागेत खतपाण्याशिवाय उभा असतो, फुलं फिकट आणि मधूनमधून लांब पांढरे काटे बाहेर आलेले, फोटोत रिट्रोपेक्षा भारी दिसतो असं माझं मत. पिकलेला गोळा मिळाला की बी थेट वाफ्यात टाकणार, कुंडी नाही, फ्रीज नाही. मिल्क थिसल मात्र कोणी कितीही आग्रहाने दिलं तरी लावताना जपून, पानावरची पांढरी जाळी देखणी आहे पण म्हातारी उडायच्या आत डोकी कापा, नाहीतर बी अख्ख्या सोसायटीत.

करडईचं बी मार्चमध्ये निघेल, नाशिकरोड-पंचवटीवाल्यांनी डबी घेऊन यावं.